मत्स्यपेटीवरील दिवा : शिंतोडे आणि खारे तुषार यांपासून संरक्षण

आषाढाच्या दिवसांत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ही गोष्ट घरोघरी ठाऊक असते. बरणीत कोणी पाणी ओतलेले नसते, तिचे झाकणही लावलेले असते. तरीही जाड्या मिठाचे खडे ओलसर होतात आणि तळाशी खारट पाणी साचते. मीठ हवेतील बाष्प स्वतःकडे ओढून घेते, हे त्याचे कारण होय. स्वयंपाकघरातील या अनुभवावरून विजेच्या उपकरणांसंबंधीचा एक महत्त्वाचा पाठ शिकता येतो. जिथे मिठाचा थर बसतो, तिथे ओल टिकून राहते. आणि जिथे मीठ व ओल एकत्र येतात, तिथे वीज आपला मार्ग सोडून भलत्याच वाटेने जाऊ लागते. काचेच्या मत्स्यपेटीवर लावलेला दिवा हे त्याचे नेमके उदाहरण आहे.

समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्याशी या विषयाचा संबंध

आदिलाबाद जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. उत्तरेस पैनगंगा वाहते, ठिकठिकाणी तलाव आहेत, सातनालासारखे जलाशय आहेत. परंतु हे सर्व गोडे पाणी होय. तेव्हा खाऱ्या तुषारांचा विचार येथील शिक्षकाने किंवा ग्रामस्थाने का करावा, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, गोडे म्हटले जाणारे पाणीही क्षाररहित नसते. विहिरीच्या आणि कूपनलिकेच्या पाण्यात जमिनीतील क्षार विरघळलेले असतात. पाणी तापविण्याच्या भांड्याच्या आतील बाजूस बसणारा पांढरा थर त्याची साक्ष देतो. विदर्भात अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात तर भूजल इतके खारे आहे की, त्या भागास खारपाणपट्टा असेच नाव पडले आहे. मीठ केवळ समुद्रकाठी असते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

दुसरे कारण येथील माशांच्या स्वभावात आहे. तेलंगणाचा राज्यमासा म्हणून मान मिळालेला मरळ, ज्यास तेलुगूत कोर्रमीनु म्हणतात, तो हवेतूनही श्वास घेतो. त्यासाठी तो वारंवार पृष्ठभागावर येतो आणि पेटी उघडी असेल तर उसळी मारून बाहेरही पडतो. त्याच्या प्रत्येक उसळीबरोबर पाण्याचे शिंतोडे वरच्या दिव्यापर्यंत पोहोचतात. बाजारात जिवंत मरळ टबात ठेवून विकला जातो, तेथेही टबावर लोंबणाऱ्या दिव्याची हीच अवस्था होते.

तिसरे कारण मत्स्यबीज केंद्राचे. कटला, रोहू, मृगळ यांचे प्रेरित प्रजनन ज्या गोल चिनी पद्धतीच्या हौदांत केले जाते, तेथे पाण्याचे फवारे सोडलेले असतात आणि कामाचा बराच भाग रात्री चालतो. ओली जमीन, ओले हात, उडते पाणी आणि डोक्यावर विजेचा दिवा अशा परिस्थितीत कामगार उभा असतो. शाळेतील लहान पेटीसाठी जो नियम लागू आहे, तोच या हौदासाठीही लागू आहे.

पाणी दिव्यापर्यंत कसे पोहोचते

मोठे शिंतोडे डोळ्यांना दिसतात. परंतु खरे नुकसान करणारे पाणी बहुधा दिसत नाही. पेटीत हवेचा पंप लावला म्हणजे बुडबुडे वर येतात. बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटतो, तेव्हा त्याच्या पातळ पडद्याच्या चिंधड्या होऊन अतिसूक्ष्म थेंब उडतात. त्यामागोमाग बुडबुड्याची पोकळी भरून येताना मध्यभागी पाण्याची बारीक धार उसळते आणि तिचे थेंब काही सेंटिमीटर, प्रसंगी वीतभर उंच जातात. समुद्राच्या लाटा फुटताना हवेत जे खारे तुषार मिसळतात, त्यांचीही उत्पत्ती मुख्यतः अशीच होते. पंप रात्रंदिवस चालणाऱ्या पेटीवर म्हणजे लहान प्रमाणावर समुद्रकिनाराच निर्माण झालेला असतो.

याखेरीज पाण्याची वाफ वर जाऊन दिव्याच्या थंड भागावर दवासारखी जमते. वाफेबरोबर मीठ जात नाही. परंतु तुषारांनी आधीच बसविलेल्या थरास ही ओल भिजविते. म्हणजे तुषार मीठ पुरवितात आणि वाफ पाणी पुरविते.

आता थोडे गणित पाहू. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे सागरी माशांसाठी अशी पेटी भरली तर तीत जवळजवळ १ किलो ९०० ग्रॅम क्षार असतील. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले विहिरीचे पाणी भरले तर तोच आकडा २७ ग्रॅम होतो. अंतर मोठे आहे. तथापि विहिरीच्या पाण्याच्या पेटीतून दररोज अर्धा लिटर पाणी आटत असेल आणि तेवढेच पुन्हा ओतले जात असेल, तर २०० दिवसांत १०० लिटर पाण्यातील ५० ग्रॅम क्षारांची भर पडते. पाणी उडून जाते. क्षार मागे राहतात. यास्तव केवळ आटलेले पाणी भरून काढणे पुरेसे नाही. काही पाणी नियमितपणे काढून टाकून नवे घालणेही आवश्यक आहे.

मिठामुळे दिव्याची होणारी हानी

दिव्यावर साठलेल्या मिठाचे दुष्परिणाम चार प्रकारचे असतात.

पहिला परिणाम प्रकाशावर होतो. काचेवर किंवा पारदर्शक आवरणावर पांढुरका थर बसून उजेड मंदावतो. पेटीतील पाणवनस्पतींना प्रकाश कमी पडतो आणि पुष्कळदा दोष दिव्याचा समजून दिवा बदलला जातो.

दुसरा परिणाम धातूवर होतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते, त्याचप्रमाणे दिव्याच्या होल्डरमधील तांब्या-पितळेच्या पट्ट्यांवर हिरवट कळंक चढतो. लोखंडी स्क्रूंना गंज येतो आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्याला बारीक खड्डे पडतात. अॅल्युमिनियमला पितळेचा किंवा लोखंडाचा स्क्रू लावलेला असेल आणि त्यांच्या सांध्यात खारे पाणी शिरले, तर तेथे जणू एक लहानसा विद्युत घट तयार होतो आणि अॅल्युमिनियम अधिक वेगाने झिजते.

तिसरा परिणाम आगीस कारण होऊ शकतो. होल्डरच्या प्लॅस्टिकवर ओलसर मिठाचा थर बसला की, दोन टोकांमध्ये त्या थरावरून थोडी थोडी वीज वाहू लागते. बारीक ठिणग्या पडून प्लॅस्टिक जळते व त्याचा कोळसा होतो. कोळसाही वीज वाहून नेतो. त्यामुळे वाट अधिकच रुंद होते. होल्डरवर काळपट तपकिरी रेषा दिसणे हे या दुखण्याचे लक्षण होय. नेहमीचे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणावते. परंतु समुद्राच्या क्षारांत असलेले मॅग्नेशियम क्लोराइड त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओल धरते. त्यामुळे सागरी पेटीवरचा दिवा उन्हाळ्यातही पुरता कोरडा राहत नाही.

चौथा परिणाम सर्वांत गंभीर, कारण त्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

मासे जिवंत आहेत, म्हणून पाणी निर्धोक नसते

पेटीवरील दिव्यातून वीज पाण्यात उतरली असेल तर मासे आधी मरतील, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो सपशेल चुकीचा आहे. काचेची पेटी लाकडी टेबलावर असते. काच वीज वाहून नेत नाही. त्यामुळे पाण्यात वीज उतरली तरी तिला जमिनीकडे जाण्यास वाट नसते, आणि वाट नसल्याने माशाच्या शरीरातूनही ती वाहत नाही. विजेच्या तारेवर पक्षी बसतो, तसाच मासा त्या पाण्यात निवांत पोहत राहतो. परंतु अनवाणी पायांनी फरशीवर उभा असलेला विद्यार्थी मेलेले पान काढण्यासाठी पाण्यात हात घालतो, त्याच क्षणी विजेला वाट मिळते. ती वाट त्याच्या शरीरातून जाते.

आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. शरीरातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह गेला की हाताचे स्नायू आखडू शकतात व पकडलेली वस्तू सोडता येत नाही. प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या वर गेला तर श्वास आणि हृदय यांस धोका निर्माण होतो. ओल्या कातडीचा विजेस होणारा विरोध कोरड्या कातडीपेक्षा पुष्कळच कमी असतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. फलकावर एमसीबी बसविली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असे नव्हे. दिव्याच्या मंडलावरील एमसीबी ६ अँपिअरची असेल तर ती ६,००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह बिनदिक्कत वाहू देते. प्राणघातक ठरू शकणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या ती २०० पट आहे. ती तारांचे रक्षण करते. माणसाचे रक्षण करणारे उपकरण आरसीसीबी हे होय. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी फरक पडताच ते क्षणार्धात वीज तोडते.

समुद्रकाठच्या मत्स्यालयाचे उदाहरण

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. सागरी आणि गोड्या पाण्यातील मासे तेथे एकाच छताखाली लोकांना पाहावयास मिळाले, आणि शाळांच्या सहलींचे ते पिढ्यान् पिढ्या आवडते ठिकाण बनले. नूतनीकरणानंतर २०१५ साली ते पुन्हा खुले करण्यात आले. अशा समुद्राभिमुख वास्तूत विजेच्या उपकरणांवर मिठाचा मारा दोन बाजूंनी होतो. आतून टाक्यांचे तुषार येतात आणि बाहेरून समुद्राचा वारा.

सार्वजनिक मत्स्यालयाची सर्वसाधारण रचना पाहिली तर तीत या लेखाचे सूत्र दिसून येते. प्रेक्षक अंधाऱ्या दालनात उभे असतात. उजेड टाकीच्या वरून येतो. आणि दिवे, तारा व पंप यांची व्यवस्था टाक्यांच्या मागे, केवळ कर्मचाऱ्यांस प्रवेश असलेल्या भागात ठेवलेली असते. पाणी, वीज आणि माणसे यांना परस्परांपासून दूर ठेवणे हेच त्या रचनेचे तत्त्व होय. शाळेच्या लहानशा पेटीला स्वतंत्र दालन मिळणार नाही. परंतु तेच तत्त्व अल्प खर्चात पाळता येते.

संरक्षणाचे उपाय

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी वर उडू देऊ नये. उडालेले पाणी दिव्यापर्यंत पोहोचू देऊ नये. पोहोचलेच तर दिव्यात शिरू देऊ नये. आणि यांतील सर्व उपाय फसले तरी माणसास इजा होऊ देऊ नये.

१. बुडबुडे आवरावेत. हवेचा पंप आवश्यक तेवढाच सोडावा. बुडबुडे सोडणारा दगड दिव्याच्या बरोबर खाली न ठेवता पेटीच्या दुसऱ्या टोकास ठेवावा. गाळणीतून परत येणारे पाणी उंचावरून न पडता पृष्ठभागालगत सोडावे.

२. काचेचे झाकण बसवावे. चार ते पाच मिलिमीटर जाडीची काच, कडा घासून घेतलेली, किंचित उतार देऊन ठेवावी, म्हणजे तिच्या खालच्या बाजूस जमलेले थेंब ओघळून पेटीतच पडतील. हवेसाठी आणि नळीसाठी एक कोपरा कापून घ्यावा. मरळ किंवा मांगूर ठेवलेला असेल तर झाकण जड असावे व मासा निसटेल एवढी फट राहू नये. दिवा नेहमी या काचेच्या वर असावा, खाली कधीही नसावा.

३. दिवा उंच आणि पक्का लावावा. शक्य असेल तेथे झाकणापासून २० ते ३० सेंटिमीटर उंचीवर, भिंतीतील पट्टीवर तो बसवावा. पेटीच्या काठावर नुसता टेकवून ठेवलेला दिवा केव्हातरी पाण्यात पडणारच, असे समजून चालावे. एक आधार सुटला तरी दिवा लोंबकळत राहील, अशी दुसरी साखळी किंवा दोरी असावी.

४. योग्य दिवा निवडावा. घरातील उघडा होल्डर व साधा बल्ब या कामासाठी वापरू नये. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा थेंब पडल्यास बल्ब फुटू शकतो. दिव्यावरील आयपी हा अंक पाहून घ्यावा. त्यातील पहिला आकडा घन वस्तू व धूळ यांपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. आयपी ४४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांस पुरेसे. आयपी ६५ म्हणजे पाण्याच्या धारेसही तोंड देणारे. आयपी ६७ म्हणजे काही काळ पाण्यात बुडाले तरी टिकणारे. खाऱ्या पेटीसाठी किमान आयपी ६५ असावा. बारा व्होल्टवर चालणारा एलईडी दिवा अधिक सुरक्षित. मात्र त्याचा अॅडॅप्टर प्रमाणित असावा आणि तो पेटीपासून दूर, कोरड्या जागी ठेवावा.

५. तारेला झोळ द्यावा. पाणी तारेवरून ओघळत खाली येते. तार सरळ प्लगमध्ये गेली तर पाणीही तेथेच जाते. म्हणून तार प्लगच्या पातळीच्या खाली उतरवून पुन्हा वर न्यावी. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल. या साध्या उपायास एक पैसाही लागत नाही. प्लगची जागा पेटीच्या खाली किंवा मागे असू नये.

६. अर्थिंग आणि आरसीसीबी यांत तडजोड करू नये. धातूचा दिवा असेल तर तीन तारांचा व तीन पिनांचा प्लगच वापरावा. पेटीच्या मंडलावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावी आणि तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबूनही वीज तुटली नाही तर ती तत्काळ बदलावी.

देखभाल आणि नोंद

गोड्या पाण्याच्या पेटीवरील दिवा पंधरा दिवसांतून एकदा आणि खाऱ्या पाण्याच्या पेटीवरील दिवा आठवड्यातून एकदा पुसावा. पुसण्यापूर्वी केवळ बटण बंद करून थांबू नये. प्लग काढून घ्यावा आणि दिवा निवू द्यावा. स्वच्छ पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने मीठ विरघळवून काढावे व नंतर कोरड्या फडक्याने पुसावे. मीठ चाकूने खरवडू नये. पडलेल्या चऱ्यात पुढचे मीठ अधिक घट्ट बसते. झाकणाच्या काचेवरील कठीण पांढरा थर सौम्य व्हिनेगरने निघतो. मात्र काच पेटीपासून दूर नेऊन हे काम करावे आणि साध्या पाण्याने धुऊन मगच ती परत ठेवावी. साबणाचा अंश माशांस घातक ठरतो, म्हणून साबण वापरू नये.

होल्डरवर काळ्या रेषा, तांब्यावर हिरवा कळंक, रबरी पट्टीस चिरा, दिव्यातून गुणगुण किंवा हातास झिणझिण्या यांपैकी एकही लक्षण दिसल्यास दिवा वापरातून काढावा. चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. शाळेत किंवा मत्स्यबीज केंद्रात ही देखभाल एका नेमलेल्या व्यक्तीकडे सोपवून तिची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. सर्वांचे काम ते कोणाचेच काम नसते, हा अनुभव नवा नाही.

पेटीत हात घालण्यापूर्वी दिवा व पंप या दोहोंचे प्लग काढावेत, हा नियम पेटीशेजारी ठळक अक्षरांत लावावा. जेथे मुले मराठी, तेलुगू, गोंडी अशा वेगवेगळ्या घरच्या भाषांतून आलेली आहेत, तेथे अक्षरांबरोबर चित्रही काढावे.

अपघात घडल्यास

दिवा पाण्यात पडल्यास तो काढण्यासाठी हात घालू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. कोणास धक्का बसून तो चिकटून राहिला असेल तर त्यास स्पर्श न करता आधी वीज तोडावी. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्यास दूर करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास प्रशिक्षित व्यक्तीने विलंब न करता छातीवर दाब देण्याचा उपचार सुरू करावा. धक्का बसलेला मनुष्य बरा दिसला तरी त्यास डॉक्टरांकडे न्यावे.

वर्गात करावयाचे प्रयोग

या प्रयोगांसाठी घरगुती वीज मुळीच वापरू नये.

(अ) काचेच्या तीन पट्ट्यांवर पावसाचे, विहिरीचे आणि मिठाचे पाणी यांचा एकेक थेंब ठेवून तो उन्हात वाळू द्यावा. मागे राहिलेल्या डागांची तुलना करावी.

(आ) पेल्यात सोडा वॉटर ओतून त्यावर काळा कागद चार बोटे उंच धरावा. कागदावर उमटलेले थेंब भिंगातून पाहावेत व मोजावेत.

(इ) दीड व्होल्टचे चार शुष्क घट आणि एक लहान एलईडी यांचे मंडल करून त्याच्या तारांची दोन टोके, एकमेकींस लागू न देता, पाण्यात बुडवावीत. पावसाच्या पाण्यात एलईडी पेटत नाही किंवा अगदी मिणमिणतो. मीठ घालताच उजळतो. प्रयोग थोडा वेळच व मोकळ्या हवेत करावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वाफेबरोबर मीठ वर जात नाही, तर दिव्यावर मीठ येते कोठून?
२. वीज उतरलेल्या पाण्यात मासा सुरक्षित आणि माणूस धोक्यात, असे का होते?
३. ६ अँपिअरची एमसीबी माणसाचे रक्षण का करू शकत नाही?
४. आपल्या शाळेतील किंवा गावातील पाण्याजवळच्या एका दिव्याचे निरीक्षण करून त्यातील उणिवा लिहा व उपाय सुचवा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत ठेवण्यासाठी नाही. ते मुख्याध्यापकांच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हाती पोहोचावे आणि त्यावर कार्यवाही व्हावी. पेटीतले मासे पाहण्यासाठी मूल काचेला नाक लावून उभे राहते, तेव्हा ते वरच्या दिव्याकडे पाहत नसते. त्या दिव्याकडे पाहणे हे मोठ्यांचे काम आहे.